तांब्याला बोट लावायचं नाही

पत्रा मी तांबाकाट्याहून आणला, किलोवर.
दुकानदारानं विचारलं, बंब करायचाय का?
म्हटलं, फोटो.
त्यानं पावतीवर "फोटो" लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह.

माझगावात, जिन्याखालच्या खोलीत
हर्क्युलन मास्तर पहिले तीन रविवार
नुसतं घासायला लावतात.
कोळसा, मग खडूची पूड, मग रिकामा तळहात.
"आरसा झाला?"
"झाला."
"मग आता त्यात बघू नको. कडेनं धर."

राळेची पूड खोक्यात उडवायची आणि थांबायचं.
जाड कण आधी पडू द्यायचे.
बारीक धूळ उशिरा उतरते, तीच कामाची.
(बेस्टच्या वीजबिलांच्या खिडकीवरही
मी हल्ली अशीच थांबते,
मोठा आवाज आधी खाली बसू देते.)

जिलेटिनचा कागद मुंबईला भितो.
हवा ओली झाली की फुगतो, रुसतो,
तांब्यावरून सुटून येतो.
मास्तर तो तांदळाच्या डब्यात ठेवतात,
सुक्या बोंबलांपासून लांब.

फेरिकचे चार ट्रे, उकळून विसरलेल्या चहाच्या रंगाचे.
पहिला सगळ्यात दाट. तो फक्त काळोख खातो:
लाँचचं पोट, धक्क्याखालचा चिखल.
पुढचे एकेक पातळ.
मला वाटायचं, पाणी घातलं की चावा कमी होतो.
उलट आहे.
जितकं पातळ तितकं आत शिरतं,
जाड थरातूनही वाट काढतं,
आणि शेवटच्या ट्रेमध्ये आकाशापर्यंत पोचतं.
तिथे दोन मिनिटं जास्त झाली
तर आकाशही चिखल.

शाई भरली. जाळीच्या फडक्यानं पुसली,
मग तळहातानं, पोळपाटावरचं पीठ झटकावं तशी.
चाक फिरवलं.
ओला कागद कोपऱ्यातून सोलला.

भाऊचा धक्का. ओहोटी. कललेली एक लाँच.
"रेवस" ही पाटी उलटी,
फिल्म पालथी लावायला मी विसरले होते.
आणि आकाशात, डावीकडे, अंगठा.
माझाच. कधी टेकला कोण जाणे.
गोल गोल पांढऱ्या रेघा,
एकूण एक मोजता येतील अशा.

मी कागद फाडणार, तेवढ्यात मास्तरांनी तो घेतला,
खिडकीशी धरला,
चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला.

मग म्हणाले, परवा रेशनच्या दुकानात
मशीन सहा वेळा नाही म्हणालं.
दहाही बोटं लावून झाली.
चाळीस वर्षं तांबं घासलं मी, पोरी,
तांब्यानं पण मला घासलं.
"तो पोरगा विचारतो, अंकल, तुम्ही नक्की कोण?"
आणि इतके हसले की खोकला आला.

प्लेट त्यांनी पुन्हा गरम तव्यावर ठेवली.
"पाटी राहू दे उलटी, लाँच परत येतेय समज.
अंगठ्याला हात लावू नको.
दुसरी प्रत काढ.
आणि या खेपेला
आकाश जरा कमी पूस."