पाणसळ

एकतीस वर्षं आढ्यावरून चाललो मी,
एका हातात कौलं, दुसऱ्या हातात काहीच नाही.
पडलो नाही.
पडलो तो अंथरुणात,
मंगळवारी पहाटे, उजव्या कुशीवर वळताना.

वासे, खुंटीवरचा सदरा, कॅलेंडरातली यल्लम्मा,
सगळं गरकन फिरलं.
मी जमीन धरून बसलो.
जमीन कशी धरायची
हे कुणी शिकवलं नव्हतं.

"काय झालं वो?"
म्हटलं, नंदगड फिरालंय.
नागुबाई म्हणाली, देवीला कौल लावूया.
म्हटलं, आयुष्यभर दुसरं काय लावलं मी?

ओमाण्णानं बसनं बेळगावला नेलं.
डोळे मिटले की वाईट,
उघडले तर झाडं.
दवाखाना खडेबाजारात.
अंगडी डॉक्टरीणबाईंची मराठी
कन्नडच्या चालीवर:
"कानात खडे असतात रीऽ, सगळ्यांच्याच.
चुन्याचे, मोहरीपेक्षा बारीक.
तुमचे चार-दोन भलत्या नळीत शिरलेत."

कानात चुना!
वाटलं, तंबाखूबरोबरचा वर चढला की काय.

मग त्यांनी कागदावर काढलं:
तीन वाकड्या नळ्या, आत पाणी.
डोकं हललं की पाणी जरा मागं राहतं,
तेवढ्यावरून देहाला कळतं
आपण कुठं निघालोय.
म्हणजे पाणसळच की,
गवंड्याच्या पिशवीत असते तसली,
फक्त हिचा बुडबुडा दिसत नाही.
आणि मी इतकी वर्षं
सगळं श्रेय तळव्यांना देत होतो.

बाईंनी माझं डोकं दोन्ही हातांत घेऊन
खाटेच्या कडेखाली सोडलं.
डोळे आपोआप उड्या मारायला लागले.
त्या उड्या बघत त्या मोजत होत्या,
ऐदु, आरु, एळु…
मग डावीकडं. मग कुशीवर, नाक जमिनीकडं.
उठा आता, सावकाश.
कौल बसवताना बोटानं जरा सरकवतो,
थांबतो, खट् वाजायची वाट बघतो,
तसं काहीतरी चाललं होतं माझ्या डोक्यात.
खट् वाजलं नाही.
पण बेळगाव थांबलं.

आठ दिवस शिडी वर्ज्य.
नवव्या दिवशी तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो,
डोकं वळवलं उजवीकडं, चोरून,
कुणाच्या तरी घरात डोकवावं तसं.
खालून ओमाण्णा,
"चढालास का उतरालास?"

थांब रे.
पाणी ठरू दे.