तळ

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात
कंपनीमागच्या नाल्याचा तळ दिसला.

रबाळ्यात आले त्याला बारा वर्षं झाली,
या नाल्याला तळ आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.
आम्ही रंगावरून वार ओळखायचो.
सोमवारी किरमिजी, गुरुवारी मोरपिशी,
आणि टाक्या धुतल्या की नुसता फेस,
वाऱ्यानं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारा.

आता खाली वाळू होती.
एक डावी चप्पल, एक पितळी नळ,
आणि काठाला चार घडीव दगड, पायऱ्यांसारखे.
गुणाबाय पदर खोचून उतरली, दगडावर तळवा फिरवला:
"यो आमचा पानवठा. माजी सासू हितं कपरं धवाची."
तिच्या सासूनं धुणं धुतलं त्या दगडावरून
आमचं पोट वाहत होतं बारा वर्षं.
मी काही बोलले नाही.

त्याच आठवड्यात वास गेला.
सकाळी दार उघडलं, काहीच आलं नाही नाकात.
मला वाटलं, झालं, मलाच झालं.
धावत जाऊन हिंगाची डबी नाकाला लावली.
हिंग आला. झणझणीत.
म्हणजे माझं नाक शाबूत होतं,
हवाच बदलली होती.
पारसिकचा डोंगर इतका जवळ आला
की वरच्या पळसाच्या फांद्या मोजाव्यात.

तेजलचा पंप खिडकीत पडून राहिला.
त्याच्या पाठीवरचा आकडा एकशे बारावर थांबला.
ती रात्री उताणी झोपू लागली, तोंड मिटून.
मी उठून उठून तिच्या नाकापुढे बोट धरायची,
इतका कमी आवाज होता तिच्या श्वासाचा.

आणि यांची नखं.
रंगखात्यात नऊ वर्षं, नखं कायमची निळी.
आता मुळाशी गुलाबी कोर उगवली
आणि निळं हळूहळू टोकाकडे सरकत गेलं.
दर रविवारी दारात बसून
हे थोडी थोडी कंपनी कापून टाकायचे
कागदावर, आणि पुडी बांधायचे.

टीव्हीवर कुणी म्हणालं, निसर्ग मोकळा श्वास घेतोय.
मी आवाज कमी केला,
कारण हे फोनवर होते ठेकेदाराशी:
"हो शेठ. नाही शेठ. अर्धा तरी."

गुणाबायनं एकदा वाटीभर निवट्या दिल्या,
नाला खाडीला मिळतो तिथल्या चिखलातल्या.
पूर्वी खाडीच्या मासळीला घासलेटचा वास यायचा.
या गोड लागल्या.
रस्सा पातळ केला, तीन वेळा पुरवला.

मे संपत आला तेव्हा
तांदळाच्या डब्यात माप खरवडलं
आणि पत्रा वाजला.
तळ तिथेही दिसला. स्वच्छ.
त्यात माझा चेहरा दिसेल इतका.

जूनमध्ये एका पहाटे भोंगा झाला.
हे दाढी करून तयारच होते.
मी डबा भरून दिला, बटाट्याची काचरी,
आणि देवापुढे साखर ठेवली,
कशासाठी ते देवाला नीट सांगितलं नाही.

त्या रात्री तेजल खोकली.
मी अंधारात खिडकीत हात घातला,
पंप हलवला, तिच्या तोंडाला लावला.
एकशे अकरा.
थोड्या वेळानं एकशे दहा.

पगार झाला त्या दिवशी गुरुवार होता.
पिशवी घेऊन मी नाल्यावरून आले,
खाली मान घालून, तरी दिसलंच.
गुणाबाय काठावर उभी होती,
हातात पिळलेली चादर,
निम्मी पांढरी, निम्मी मोरपिशी.
तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं.
मी तिच्या चादरीकडे.

घरी येऊन डब्यात तांदूळ ओतले.
पहिल्या मुठीला पत्रा केवढ्यानं वाजला.
मग आवाज होईना.