रविवारची तपासणी

खडकवासल्यातून पाणी सोडलं त्या साली
तळघरातला सर्व्हर आम्ही जिन्यावरून वर नेला,
बाळंतिणीला उचलावं तसा, चौघांनी मिळून.
तेव्हापासून तो तिसऱ्या मजल्यावर, लिननच्या खोलीशेजारी,
आणि माझ्या शर्टाला कायम उकळलेल्या चादरींचा वास.

बॅकअप रोज रात्री म्हणतो, यशस्वी.
त्याच्या शब्दावर माझा विश्वास नाही.
म्हणून दर रविवारी, पहाटे अडीचला,
रिकाम्या यंत्रावर मी सगळं हॉस्पिटल पुन्हा उभं करतो:
रक्तगट, ताप, थकलेली बिलं,
दोन कुसुम बबन शितोळे,
एकीला पेनिसिलिन चालत नाही, एकीला चालतं,
आणि दोघींच्या मध्ये फक्त एक आकडा.

सिस्टर मार्था साळवे म्हणायच्या, "केंजळे,
पेशंटची धाप थांबते का तुमच्या ओटीपीसाठी?"
त्यांचा पासवर्ड औषधांच्या कपाटात आतून चिकटवलेला.
मी तो फाडला. आठवडाभर अबोला.
मग डिस्क गेली त्या रात्री, चार तास,
अख्खा वॉर्ड त्यांच्या निळ्या वहीवर चालला.
ती वही आता माझ्या यादीत आहे.
उपकरण क्रमांक एकशे बारा.

आज पडताळणीला पन्नास नोंदी उचलल्या, नेहमीसारख्या, कुठल्याही.
एकतिसावी:
केंजळे अविनाश त्र्यंबक, वय एकावन्न.
त्र्यंबक माझेही वडील.
विभाग कुठला, तो शब्द वाचला गेला.
पुढचं नाही.

नऊ वर्षं. सिंहगड रोडच्या एका फ्लॅटपायी.
किल्ल्या सगळ्या माझ्याकडे. एक क्लिक.
लॉगमध्ये माझं नाव उमटेल,
आणि सोमवारी तो लॉग तपासणारा मीच.

रांगा जुळतात का, एवढंच मोजायचं असतं.
जुळल्या.
रिकामं यंत्र पुन्हा रिकामं केलं.

आता फोनसुद्धा करता येणार नाही.
नऊ वर्षांनी, नेमकं आजच,
"कसा आहेस रे" विचारणं
हीही गळतीच.

सहाला नळस्टॉपवर पोहे घेतले.
मार्था ड्यूटी संपवून आल्या, म्हणाल्या,
"चेहरा का असा? गेलं का परत काही?"
म्हटलं, नाही. सगळं जागच्या जागी आहे.
"मग?"
रस संपलेलं लिंबू
मी बराच वेळ पिळत राहिलो.