प्रमाण द्रावण

पहाटे साडेचारला जनरेटर सुरू केला.
म्बिताच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा एक,
ब्युरेट तेवीस, मुलं चव्वेचाळीस.
बावीस-बावीसच्या दोन पाळ्या,
आणि उरलेला जुना, सात नंबरचा, माझा.
चांगलं ते पोरांना द्यावं,
एवढीच अक्कल मी वापरली.

मापात पाप नको म्हणून दोनदा तोललं,
बाटलीवर नाव लिहिलं, बूच घट्ट केलं.
मग मॅडम नेकेसा म्हणाल्या,
ओगुटा, टायट्रेशन तूच कर,
माझा हात मलेरियानं अजून कापतो.
शाळेचा आकडा पाकिटात जातो.
तपासणारा मुलांचं उत्तर
त्या आकड्याशेजारी ठेवून बघतो:
जवळ असेल तर गुण, लांब असेल तर नाही.
मी थेंब थेंब सोडला.
द्रावण गुलाबी झालं तेव्हा सरोवरावर उजाडत होतं.
पंचवीस पॉइंट तीन.
मॅडमनी सही केली.

पहिल्या पाळीत आकडे चोविसाच्या आसपास पांगलेले.
म्हटलं, हात नवखे आहेत,
ब्युरेट कित्येकांनी आज पहिल्यांदाच धरलाय.
दुसऱ्या पाळीत मात्र
बाटल्या भरत ओळीतून फिरलो,
तर ज्याच्या त्याच्या कागदावर पंचवीस पॉइंट तीन.
आकडा कोणत्या खिडकीतून बाहेर पडला
ते मी शोधलं नाही.

आपोंडी खिडकीशी होती. आईबरोबर ओमेना वाळवते,
बोटांना मासळीचा वास, तो साबणानंही जात नाही.
सर, अजून थोडं मिळेल?
चौथ्यांदा करत होती.
शेजारच्या ओरिएदोनं ओठ न हलवता आकडा सांगितला.
तिनं मान हलवली,
डोळा रेषेच्या पातळीत आणला, गुडघे वाकवून,
जसं मी एकदाच, फेब्रुवारीत, दाखवलं होतं.
आणि लिहिलं: चोवीस पॉइंट सहा.
मला वाईट वाटलं तिचं.
हुशार पोर, म्हटलं, आज चुकली.

पाच वाजता पाकिटं पोलिसाबरोबर गेली.
मी धुवायला बसलो.
सात नंबरच्या स्टँडखाली, लाकडावर,
पांढरं कडं वाळलेलं होतं,
रुपयाएवढं.
तोटीच्या सांध्यातून झिरपत होतं ते,
फ्लास्कमध्ये नाही, बाहेर,
आणि मी ते सगळं मोजून घेतलं होतं.
पोरांच्या ब्युरेटनं पुन्हा केलं, एकट्यानं, टॉर्चच्या उजेडात.
चोवीस पॉइंट सहा.
पुन्हा केलं.
चोवीस पॉइंट सहा.

एकोणीस वर्षांपूर्वी
फार्मसीला दोन गुण कमी पडले मला.
बापानं बोट विकायची नाही ठरवली,
मी बाटल्या धुवायला लागलो.
आज पहिल्यांदा मनात आलं,
त्या सकाळी माझ्या शाळेत
प्रमाण कोणाच्या हाताचं होतं?
त्याच्या तोटीतून काय गळत होतं?

मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, अर्ज लिहू.
लिहिला. शिक्का मारला.
अशा अर्जाचं उत्तर आलेलं
आमच्या दोघांच्याही आठवणीत नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला
आपोंडी सगळ्यांच्या आधी आली,
पायाला वाळू, खिशात उसनी स्टॉपवॉच.
सर, काल खरं किती होतं?
तुझंच, मी म्हटलं.
ती हसली. मग झालं, म्हणाली,
आणि लंबकाचा दोरा
सरळ लोंबतोय की नाही
ते बघायला वाकली.
मी तोंडापर्यंत आलेलं वाक्य
कप्प्यात ठेवून कुलूप लावलं,
आणि तिच्या टेबलाचा हलणारा पाय
कागदाची घडी घालून सरळ केला.