नवी बाई

सात वर्षं आमच्या टेबलावर तिचं नाव इव्हेट होतं.
हाक मारली की ती अर्धा श्वास उशिरा वळायची.
तेवढ्यावरून मी ओळखलं.
विचारलं नाही. माझ्या बिल्ल्यावरही
दुसरीच कुणीतरी हसते आहे.

न्यू बेडफर्डचा धक्का, पहाटेचे चार,
रबरी बुटांत बर्फाचं पाणी.
फ्लाउंडर मासा असा सपाट
की दोन्ही डोळे एकाच अंगाला,
दुसरं अंग आंधळं, पांढरंफटक.
ती सुरी मणक्याला टेकवायची
आणि एका ओढीत मांस सोडवायची,
काट्याला कळूही न देता.

कायद्याच्या कचेरीत एक घड्याळ असतं म्हणे.
तिनंच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत,
मक्याच्या पोळ्या हीटरवर शेकताना.
आश्रयाचा अर्ज टाकला की ते दिवस मोजतं.
एकशे ऐंशी भरले की काम करायची मुभा.
तोवर खायचं काय, ते त्या घड्याळात नाही.
मुलाखतीला तिचा किचे बोलणारा दुभाष्या आलाच नाही,
त्यालाही पाळी होती, शिंपल्यांच्या कारखान्यात.
घड्याळ थांबलं. एकशे बारावर.
उशीर तुमच्याकडून, असं पत्रात होतं.
घरमालकाची तारीख मात्र चालू राहिली.

मग एकदाचं कार्ड आलं.
ठसा तीनदा घ्यावा लागला म्हणाली,
अंगठ्यावर रेघाच उरल्या नव्हत्या.
शुक्रवारी इव्हेटनं राजीनामा दिला.
सात वर्षांची रजा, तासामागे वाढलेले साडेतीन डॉलर,
हीटरजवळची जागा,
सगळं इव्हेटसोबत गेलं.

सोमवारी मॅनेजर तिला घेऊन आला.
त्याला काय माहीत होतं, काय नव्हतं, देव जाणे.
"ही कान्देलारिया त्झोक. नवी आहे.
सुरी कशी धरायची ते दाखव हिला."

मला सुरी धरायला तिनंच शिकवलेलं.
मी तिच्या मुठीवर मूठ ठेवली.
अशी. हळू. मणक्याला टेकव.
तिनं पहिला मासा मुद्दाम फाडला,
चांगला वेडावाकडा.
"शिकेल," तो म्हणाला, आणि गेला.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही,
हसू आलं असतं, किंवा दुसरं काही.

दुपारी कुणीतरी सवयीनं ओरडलं,
"इव्हेट, बर्फ!"
तिची सुरी अर्धा श्वास थांबली.
बर्फ मी आणला.