पाचपैकी

कुताइसीच्या व्यावसायिक विद्यालयात, रात्रीच्या वर्गात
आम्ही अकरा जण. वयानं मीच सगळ्यांत मोठी,
आणि गाडीखाली उताणं पडायला सगळ्यांत आधी मीच तयार.
खाली गेलं की गुडघे दुखत नाहीत.
दुखतात ते उठताना.

शिकवणारा बाद्री ग्वेलेसियानी.
नववीत माझ्याच वर्गात होता, खिडकीशी, शेवटून दुसरा बाक.
आमच्या भाषेला सात विभक्त्या. त्याला तीन यायच्या,
त्याही नको तिथे.
पाचपैकी दोन, नेहमी. मग एकदा त्याच्या आईला बोलावलं
आणि जिन्यातच सांगितलं,
"याला हातकामाच्या शाळेत घाला.
डोक्याचं काम याच्यानं व्हायचं नाही."
ती बाजारात चीज विकायची. ओली पिशवी
या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "बरं, बाई."

बरं हे अव्यय. त्याला काही चिकटत नाही,
असं मीच फळ्यावर लिहायचे.

आता माझी जुनी निवा
ब्रेक दाबला की पिल्लासारखी केकाटते,
आणि गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा
माझ्या पेन्शनपेक्षा मोठा.

"चाक वर उचलण्याआधी नट ढिले करा, बाई.
अधांतरी चाक नुसतं फिरतं, नट हलत नाही."
मी वहीत लिहून घ्यायला लागले.
त्यानं पेन माझ्या बोटांतून अलगद काढलं
आणि पाना दिला.
जड होता. थंड.
चौतीस वर्षं मी मुलांच्या हातातून
काय काय काढून घेतलं होतं:
गोफणी, सायकलची चेन,
एकदा तर एक अख्खा कार्ब्युरेटर.
तो कोणाचा होता, हे आत्ता आठवलं.

शेजारच्या गाडीवर तेक्ले. दोन पदव्या,
नोकरीविना तिसरा हिवाळा, कानामागे ग्रीस.
ती शिट्टी वाजवत होती.
शाळेत मी कोणाला वाजवू दिली नसती.

झिजलेली ब्रेकपट्टी बाहेर आली,
पोस्टाच्या तिकिटाएवढी जाड.
हिच्या भरवशावर मी घाट उतरत होते,
देवाचं नाव घेत. देव तरी किती दाबणार?

"पिस्टन मागे ढकला. सावकाश.
वरच्या डबीतलं तेल चढेल, तिकडे डोळा ठेवा."
इथे दाबलं की तिथे चढतं.
कर्ता, कर्म, क्रियापद.
एवढं सरळ वाक्य
मला कधी हातानं करायला मिळालं नव्हतं.

चाक परत बसवलं. नट एकामागून एक नाही,
एक, मग त्याच्या समोरचा, आडवं-तिडवं,
ताऱ्याच्या टोकांवरून बोट फिरवावं तसं.
"आता पेडल दाबा."
पाय तळापर्यंत गेला. पोकळ. माझ्या पोटात गोळा.
"पुन्हा," तो म्हणाला. "पुन्हा."
चौथ्यांदा खालून काहीतरी घट्ट
माझ्या तळव्याला भिडलं.

मी धीर करून विचारलं, "किती, बाद्री?"
त्यानं गाडीभोवती फेरी मारली, चाकाशी उकिडवा बसला,
एक नट बोटांनी हलवून पाहिला.
"तीन."
मग पाना पुढे केला.
"हा राहिलाय."

मी आवळला. कट् असा आवाज येईपर्यंत.
गुण त्यानं काही वाढवले नाहीत.
घरी येताना पाव घेतला,
पावावर माझी काळी बोटं उमटली,
आणि दुकानदारीण काही म्हणेल म्हणून
मी उगाच थोडा वेळ थांबून राहिले.