पोले पोले

रुवीत, मनी एक्स्चेंजच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
गुरुवारी झुवेना येते.
अबाया खुंटीला लावते, रुमाल सोडते,
आणि केस सुटतात.
सुटतात म्हणजे खाली पडत नाहीत,
वर उठतात,
पिंजाऱ्याने नुकत्याच सोडलेल्या कापसासारखे,
फक्त काळे.

भावाचं लग्न आहे, निझवाला.
सरळ कर, म्हणते,
मालिका बघून शिकलेल्या हिंदीत.
पण मारू नकोस त्यांना.

मी इस्त्री उचलत नाही.
आधी पाणी. ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं
चहाला चालेल इतकं तापतं,
म्हणून सकाळीच दोन बादल्या भरून
एसीखाली ठेवलेल्या असतात.
जुनं तेल, जेल, आठवड्याची धूळ
सगळं निघेपर्यंत धुते.
तेलावरून इस्त्री फिरवणं म्हणजे
केस तळणं.

मग सायीसारखं दाट क्रीम,
वर प्लॅस्टिकची टोपी, वीस मिनिटं.
झुवेना पेंगते.
मालकीण शीजा घड्याळाकडे बघते,
मग माझ्याकडे.

मग गुंता.
मोठ्या दातांचा कंगवा, आणि टोकाकडून.
मुळाकडून नाही.
हे मला मस्कतमध्ये कळलं, चौतिसाव्या वर्षी.
बार्शीला आई मुळापासून ओढायची,
शाळेची घंटा व्हायच्या आत,
आणि मी झिपरी, झिपरी ऐकत
रडत रडत प्रार्थनेला उभी.
पुढे बघायला आलेल्या एक काकू
माझ्या बटांकडे पाहून म्हणाल्या,
नळीत घातलं तरी...
आणि वाक्य तिथंच सोडलं.
सगळे हसले.
पाण्याचा तांब्या धरून मीही.

आता वाळवणं, पूर्ण.
बोटाला गार लागलं तर अजून नाही.
ओल राहिली की इस्त्रीखाली चुर्र होतं.
तो आवाज मी पहिल्या वर्षी ऐकला,
एका सुदानी मुलीच्या डोक्यावर.
वास दोन दिवस बोटांना होता.
तिने पैसे पूर्ण दिले.
परत आली नाही.

शीजा म्हणते, दोनशे तीसवर ठेव, पटकन होतं.
मी एकशे ऐंशीवर ठेवते,
उष्णतेपासून जपणारा फवारा मारते,
आणि कानामागची एकच बट घेते.
एकदाच फिरवायची. परत नाही.

पहिल्यांदा ती आली तेव्हा
याच वेळी म्हणाली होती, पोले, पोले,
आणि माझ्या हातून इस्त्री निसटता निसटता राहिली.
पोळलं? कुठं पोळलं?
ती हसून हसून खुर्चीत वाकली.
तिच्या आजीच्या भाषेत, झांझिबारच्या,
त्याचा अर्थ हळू, हळू.
मी तिला अंगठ्यावरचा जुना डाग दाखवला,
आमच्याकडे याला म्हणतात ते.
आता ती पोले म्हणते
आणि मी दोन्ही अर्थांनी ऐकते.

सरळ झालेली बट मी वाटीतल्या पाण्यात धरते.
दोघी बघत राहतो.
आधी काहीच नाही.
मग टोकाकडून एक वेटोळं,
त्याच्यामागून दुसरं,
झोपेतून कूस बदलावी तसं.
आली परत, म्हणते झुवेना.
मग कर.

दोन तासांनी केस कमरेखाली येतात.
एवढे होते? ती दर वेळी विचारते.
आत होते, मी दर वेळी सांगते.
ती घट्ट रुमाल बांधून
बाहेरच्या दमट हवेत उतरते.

माझे स्वतःचे, लग्नाआधी
औषध लावून कायमचे सरळ करून घेतलेले.
रात्री दारसैतच्या खोलीत धुते तेव्हा
पाण्यातही तसेच लोंबतात, शहाण्यासारखे.
गेल्या वर्षापासून औषध बंद केलंय.
मुळाशी चार बोटं
काहीतरी आडमुठं, वळलेलं हाताला लागतं.
कंगवा बाजूला ठेवते.
पोले, म्हणते त्याला.